शब्दचर्चा : हुतू-तुत्सी ‘वांशिक’ की ‘जातीय’?

अर्धविराम : आफ्रिकेतल्या रवांडाच्या पुनर्बांधणीवरचा एक लेख मराठीत करतेय आणि पहिल्याच परिच्छेदात अडलेय. १९९४ मध्ये तिथल्या हुतू अतिरेक्यांनी तुत्सींची कत्तल केली, तिला आपली वर्तमानपत्रं ‘वांशिक’ म्हणतात. पण हुतू आणि तुत्सी दोघांची भाषा एकच, किन्यारवांडा. धर्म बहुतांशी एकच, टेकड्या त्याच, एकेका कुळात दोन्हीकडची माणसं. वंश कुठे वेगळा झाला? ‘जातीय’ लिहिलं तर वाचक आपल्याकडच्या जाती समजेल, ‘जमात’ लिहिलं तर आदिवासी पाडा. शिवाय ‘रिकन्सिलिएशन’, म्हणजे कत्तलीनंतर दोन्हीकडच्यांनी पुन्हा जुळवून घेणं, दर दोन ओळींनी येतंय, त्याला काय म्हणू तेही सांगा.

जुनाबाजार : बिनधास्त ‘जातीय’ लिहा. आमच्या लहानपणी हिंदू-मुसलमान दंग्यालाही जातीय दंगलच म्हणत. पोलीस ठाण्यात सणांआधी बैठक होते, तिला अजूनही ‘जातीय सलोखा’ म्हणतात. तिथे कोणी जातीचा दाखला मागत नाही.

कोयरी : ती हिंदीची सवय. मणिपूरच्या वेळी हिंदी वाहिन्या ‘जातीय हिंसा’ म्हणत होत्या, मराठी पेपर ‘वांशिक’. आपली भाषा आपण सांभाळू.

जुनाबाजार : ‘जातीय दंगल’ हिंदीतून आली असं म्हणायचंय का? आमचे वडील हिंदी पेपरला हात लावत नसत हो.

गुळपोळी : मला ‘जात’ पटतंय, पण वेगळ्या कारणाने. तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या बेल्जियनांनी १९३० च्या दशकात जी ओळखपत्रं काढली त्यांच्यावर ‘उब्वोको’ असा रकाना होता आणि त्यात हुतू, तुत्सी किंवा त्वा (तिथला तिसरा, छोटा समाज). उब्वोको म्हणजे मुळात प्रकार, वाण; कुळालाही तोच शब्द. आपण आंब्याची जात, गाईची जात म्हणतो तसं. त्याआधी गुरं वाढली, राजदरबारी वजन आलं तर हुतूचा तुत्सी होऊ शकत असे. कार्डावर छापलं आणि दार बंद झालं. ९४ मध्ये नाक्या-नाक्यावर तेच कार्ड बघून मारलं. ‘वांशिक’ लिहिणं म्हणजे त्या कार्डावर आपणही शिक्का मारणं.

कोयरी : मग आपल्या शाळेच्या दाखल्यावरही जातीचा रकाना आहे. तोही काढायचा?

गुळपोळी : तो रकाना सवलत मिळावी म्हणून आहे, नाक्यावर अडवायला नाही. विषय भरकटवू नका. रवांडाने मात्र कत्तलीनंतर रकाना काढूनच टाकला. आता कोण हुतू, कोण तुत्सी हे जाहीर बोलणंही जड जातं, फूट पाडल्याचा गुन्हा लागू शकतो. मलाही ते शंभर टक्के पटत नाही.

अर्धविराम : आणि रिकन्सिलिएशन?

तात्या_दापोली : समेट. अक्षरंही कमी लागतात.

जुनाबाजार : समेट भाऊबंदकीत होतो, बांधावरून. इथे शेजाऱ्याने शेजाऱ्याची मुलं मारली आहेत. ‘दिलजमाई’ जवळचं वाटतं.

कोयरी : दिल फारसी, जमा अरबी. ‘मनोमीलन’ काय वाईट आहे?

तात्या_दापोली : मनोमीलन निवडणुकीआधी होतं आणि तिकीटवाटपाच्या दिवशी मोडतं. सलोखा घ्या. बखरीत ‘सलूख’ म्हणजे तह, म्हणजे शब्दाला आधीपासून लढाईचा वास आहे.

कोयरी : तोही परकाच. ‘पुनर्मेळ’ घडवा की.

तात्या_दापोली : पुनर्मेळ ऐकून मला जत्रा आठवते. बरं, गाचाचाचं, म्हणजे तिथल्या गावन्यायालयांचं, काय केलंत? मी ‘गावकी’ सुचवतो. गवतावर बसून गावाने न्याय करायचा, आमच्याकडे देवळाच्या ओट्यावर बसतात.

अर्धविराम : गावकीला माझा ठाम विरोध. गावकी वाळीत टाकते, म्हणून तर २०१६ चा कायदा करावा लागला. गाचाचाची नावापुरती मुळं जुनी, बाकी ती सरकारने कायद्याने उभी केलेली न्यायालयं. तुरुंगात लाखाच्या वर माणसं कोंबलेली आणि देशातले बरेचसे न्यायाधीश मेलेले किंवा पळालेले. टांझानियातल्या अरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने आरोप ठेवले एकूण ९३ जणांवर. गाचाचाने २०१२ ला बंद होईपर्यंत १९ लाखांच्या आसपास प्रकरणं निकाली काढली. वकील नाहीत, पंच गावातलेच. कबुली दिली तर शिक्षा कमी. तुत्सी बंडखोरांच्या सैन्याने केलेले खून मात्र तिथे चालवलेच नाहीत. मी ‘गाचाचा’च ठेवतेय.

गुळपोळी : उमुगांडा आलं का लेखात? महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळ्यांनी रस्ते, गटारं, शाळा करायच्या. ‘श्रमदान’ लिहू नका. न आल्यास दंड आहे.

जुनाबाजार : दंड असेल तर दान कसलं, वेठ म्हणा. पण आमच्या गावचा पाझर तलाव श्रमदानाचाच, आणि तिथेही न येणाऱ्याच्या घरी पाटील माणूस धाडायचे.

गुळपोळी : गोम वेगळीच आहे. उमुगांडा आजचा नाही, कत्तलीआधीचे राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांच्या राजवटीत सत्तरच्या दशकातच सक्तीचा झाला होता. तेव्हा रवांडा देणगीदारांचा लाडका देश. रस्ते, जंगलं, सहकारी संस्था, सगळं होतं. आणि ९४ मध्ये माणसं मारायला बोलावतानाही शब्द वापरला तो ‘काम’. ‘चला कामाला.’ गोळा करणारे अधिकारीही बऱ्याच ठिकाणी तेच. विकास झाला की दंगे थांबतात असं लेखात असेल तर हेही लिहा.

कोयरी : त्यात भाषेचा काय दोष?

जुनाबाजार : भिवंडी घ्या. १९७० ला पेटली, १९८४ ला पेटली. मग पोलिसांनी मोहल्ला समित्या बसवल्या, दोन्हीकडची माणसं नियमित भेटू लागली. ९२-९३ ला मुंबई जळत होती, भिवंडी शांत राहिली. तोवर काय तिथले रस्ते सुधारले होते? ‘सलोखा’च लिहा, तात्यांचं बरोबर आहे.

कोयरी : मोहल्ला पण अरबी.

तात्या_दापोली : ‘अरबी’ला शुद्ध मराठी प्रतिशब्द सुचवा, मग बोलू.