वस्तीवरची दोनशिक्षकी शाळा की केंद्रशाळा? तुलना कशी करावी

बांधावरचा: मुलगी दुसरीत, मुलगा सहावीत जाणार. पर्याय तीन. वस्तीवरची जि.प. शाळा, पहिली ते पाचवी, पट १९, शिक्षक दोन. अडीच किमीवर केंद्रशाळा, पहिली ते आठवी, पट ११४. तिच्याच पुढे फाट्यावर अनुदानित विद्यालय, पाचवी ते दहावी. रंगरंगोटी आणि स्मार्ट टीव्ही तिन्हीकडे आहेत, त्यावरून काही कळत नाही. नेमकं काय बघायचं?

काळी पाटी: आधी शिक्षक मोजा. मंजूर पदं नाही, रोज वर्गात उभे राहणारे. आरटीईप्रमाणे (शिक्षण हक्क कायदा) पाचवीपर्यंत ६० पटाला दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. १९ पोरांना दोन म्हणजे कागदावर चैनच. पण वर्ग पाच आहेत. एक जण पहिली-दुसरी घेतो, दुसरा तिसरी ते पाचवी. त्यातला एक प्रशिक्षणाला किंवा बीएलओच्या (मतदारयादीच्या) कामाला गेला की उरलेल्याच्या गळ्यात पाचही वर्ग, वर पोषण आहाराची नोंद आणि ऑनलाइन माहिती. म्हणून विचारायचं ते हे: गेल्या महिन्यात दोघं एकाच दिवशी शाळेत किती वेळा होते? मुख्याध्यापकांपेक्षा शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना विचारा. समितीत ७५ टक्के पालकच असतात.

सहावीचं गणित वेगळं. तिथे विज्ञान-गणित, भाषा आणि समाजशास्त्र यांना किमान एकेक शिक्षक हवा. केंद्रशाळेत यातलं कोणतं पद रिकामं आहे?

खडूची भुकटी: पद भरलंय म्हणजे शिकवलं जातंय असं नाही. वर्गात दहा मिनिटं बसू देतात का बघा. तिसरीच्या पोराला दुसरीच्या पुस्तकातला मधलाच उतारा वाचायला द्या. जोडाक्षराला अडखळला तर हरकत नाही. तोंड पुढे आणि बोट मागे राहिलं तर समजा पाठांतर आहे.

पाचवीला ८२४ भागिले ८ घाला. उत्तर १०३. बरीच मुलं १३ लिहितात: ८ ला भाग गेला, २ ला जात नाही, तिथलं शून्य मांडायचंच राहतं. एकदोघांचं चुकणारच. अख्ख्या वर्गाचं १३ आलं तर स्थानिक किमतीचा पाया कच्चा आहे. वह्याही चाळा. सगळ्यांच्या वहीत शब्दन् शब्द तेच उत्तर, खाली लाल टिक, म्हणजे फळ्यावरून उतरवलेलं.

ओढ्यापलीकडची: वरच्या दोघांनी अंतर सोडून दिलं. नियमात पाचवीपर्यंत १ किमी आणि सहावी ते आठवीला ३ किमी धरलंय ते उगाच नाही. दुसरीतल्या मुलीला रोज अडीच किमी, जुलैत मधे ओढा, म्हणजे हजेरी बुडणार. वस्तीवरचे दोघं टिकून शिकवत असतील तर तिला तिथेच ठेवा, चौथीला फेरविचार करा. फक्त बदल्या झाल्यावर जागा भरल्यात का तेवढं जूनमध्ये तपासा.

बांधावरचा: केंद्रशाळेत विज्ञान-गणिताचं पद रिकामं आहे. दुसरे शिक्षक तात्पुरतं बघतात.

काळी पाटी: मग मुलगा विद्यालयात. पण तुकडीत किती मुलं कोंबलीत ते पाहून या, आरटीईचं प्रमाण शिक्षकामागे ३५ आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेकडून यू-डायसवर (शाळा-विद्यार्थ्यांची सरकारी ऑनलाइन नोंद) नाव मोकळं करून घ्या, नाहीतर नव्या शाळेच्या ऑनलाइन पटावर तो चढतच नाही.