मदत हवी आहे: आवाज पार बिघडवायचाय, पण शब्द कळले पाहिजेत

मंडळी, नमस्कार.

मी बडोद्याची. यंदा गणेशोत्सवात आमच्या मंडळाची एकांकिका आहे आणि तिच्यात विश्वामित्री नदी स्वतः बोलते. २०२४ च्या ऑगस्टमधला पूर इथे अजून कुणी विसरलेलं नाही, वस्तीत मगरी शिरल्या होत्या. नदीची स्वगतं माझ्या आत्याने लिहिली आहेत आणि आवाजही तिचाच आहे. तिची गाण्याची तालीम झालेली, खर्ज अजून भरीव लागतो.

रेकॉर्डिंग घरीच केलं, भिंतींना गोधड्या टांगून, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. आवाज स्वच्छ आलाय. सॉफ्टवेअर रीपर. आता हा आवाज माणसाचा वाटता कामा नये असं दिग्दर्शकाचं म्हणणं आहे, आणि मला ते पटतं. पण आत्याची वाक्यं कळायलाच हवीत. "मगरींनो, चला, आज शहर आपलं" हे शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही ऐकू गेलं पाहिजे.

आतापर्यंतचे प्रयोग: पिच एक सप्तक खाली नेला की सिनेमातला राक्षस बोलतो. फॉर्मंट (आवाजाला ओळख देणारे तोंडाघशाचे अनुनाद) जागेवर ठेवून नुसता पिच उतरवला तर आत्या आजारी वाटते. डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा इफेक्ट) लावल्यावर खर्ज सुंदर फाटतो, पण "स" आणि "श" करपतात आणि दोन वाक्यांमधला श्वास वाक्यापेक्षा मोठा होतो. बिटक्रशरने (आवाजाचा डिजिटल दर्जा मुद्दाम उतरवणाऱ्या इफेक्टने) यंत्र बोलतंय असं वाटतं, ते नकोच. सगळ्यात जवळ पोचले ती ग्रॅन्युलर इफेक्टने. आवाजाचे ८० मिलिसेकंदांचे तुकडे करून थोडे पुढेमागे सांडले की खरंच काहीतरी वाहायला लागतं. मात्र शब्द त्याच्यासोबतच वाहून जातात.

आवाजाची मोडतोड आणि शब्द, दोन्ही एकत्र कसं जमवायचं? सॉफ्टवेअरच्या बाहेरचे, हाताने करायचे उपायही चालतील, उलट तेच जास्त आवडतील. महागडे प्लगइन परवडणार नाहीत.

प्रतिसाद

ताई, एकाच ट्रॅकवर दोन्ही मागू नका. ट्रॅकची कॉपी करा. पहिल्या कॉपीला साधारण १५०० हर्ट्झवर हायपास (त्याखालचं कापणारा फिल्टर) लावा आणि ती कोरी ठेवा. दुसरीला लोपास (वरचं कापणारा फिल्टर) लावून तिचं काय वाटेल ते करा. शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि त्यांच्या बऱ्याच खुणा या वरच्या पट्ट्यात असतात. जुन्या टेलिफोनवरून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जायचं, तरी बोलणं नीट कळायचं. कोरी कॉपी इतकी हळू ठेवा की एकटी ऐकली तर कुजबुज वाटेल. डिस्टॉर्शन स्वतः नवे हार्मोनिक्स, म्हणजे वरचे उपस्वर, तयार करतं, म्हणून लोपास त्याच्या आधीही हवा आणि नंतरही. "स" करपतो त्यावर डी-एसर ("स"ची धार कमी करणारा इफेक्ट), तोही डिस्टॉर्शनच्या आधी. श्वास मात्र हातानेच कापा, गेटच्या (हळू आवाज आपोआप बंद करणाऱ्या इफेक्टच्या) भरवशावर राहू नका.

नदीसाठी माझी पहिली पसंती व्होकोडर, म्हणजे एका आवाजाचं बोलणं दुसऱ्या आवाजावर उमटवणारं साधन. १९३० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये होमर डडली यांनी तो टेलिफोनवरचं बोलणं कमी जागेत पाठवण्यासाठी बनवला, म्हणजे शब्द टिकवणं हेच त्याचं मूळ काम. रीपरमध्ये रिआव्होकोड मिळतो. मॉड्युलेटर (ज्याचे शब्द घ्यायचे तो) आत्याचा आवाज, कॅरिअर (ज्यावर ते उमटतात तो) पाण्याचा. पाणी खळाळतं घ्या, संथ नको, कारण कॅरिअरमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सी नसतील तर व्यंजनं उमटणारच नाहीत. बँड, म्हणजे आवाज ज्या पट्ट्यांत विभागला जातो ते, वाढवले की शब्द स्पष्ट होतात, कमी केले की नुसतं पाणी उरतं. पूर चढत जातो तसं हेच कमी-जास्त करता येईल, पण एकाच ट्रॅकवर बँड बदलताना खटके येऊ शकतात. वेगवेगळे बँड ठेवून दोन-तीन ट्रॅक रेंडर करा आणि एकातून दुसऱ्यात क्रॉसफेड करा (एक हळू करत दुसरा वाढवा).

प्रतिसाद

हाताने करायचं असेल तर स्टीलचं पिंप घ्या. अर्धं पाण्याने भरा, तोंडावर छोटा स्पीकर उपडा धरून त्यातून आत्याचा आवाज वाजवा. पिंपाला बाहेरून पिएझोची चकती (कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी) घट्ट चिकटवा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळते. चकती ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज संगणकात घेणाऱ्या डब्याच्या) गिटारवाल्या इनपुटला जोडा, साध्या लाइन इनपुटला खर्ज गळून जातो. वाजत असताना पिंप हलवलंत की अनुनाद सरकतो. स्पीकर बॅटरीवरचाच घ्या, पाण्याशेजारी मेनची वायर नको.

दुसरं, अमेरिकन संगीतकार अल्विन लुसिए यांनी १९६९ मध्ये केलेला प्रयोग. खोलीत बोलणं रेकॉर्ड करायचं, त्याच खोलीत वाजवून पुन्हा रेकॉर्ड करायचं, असं करत राहायचं. दर फेरीला खोलीचे स्वतःचे सूर वर येतात आणि शब्द विरघळत जातात. तुमच्याकडे हे पिंपात करता येईल. पहिल्या फेऱ्यांत आत्या, शेवटी फक्त पिंप.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. कोऱ्या कॉपीची युक्ती लगेच करून पाहिली. "चला" मधला "च" आता डिस्टॉर्शनच्या वर स्वच्छ येतो आणि खालचा खर्ज हवा तेवढा फाडता येतो. पिंप आत्याकडेच आहे, तिला सांगितल्यावर तिने ते घासून ठेवलं.

एक विचारायचं राहिलं. सभागृहाची सिस्टीम मोनो आहे. ग्रॅन्युलरचा थर मी स्टीरिओत पसरवलाय, तो तिथे गायब होईल का?

प्रतिसाद

पूर्ण गायब नाही, पण डाव्या-उजव्या बाजूंच्या लहरी उलट्या पडून एकमेकींना कापत असतील तर तो पातळ नक्की होईल. मास्टरवर मोनोचं बटण दाबून मिक्स करा. थर पातळ वाटला तर एकच बाजू घ्या आणि मधोमध ठेवा. रंगीत तालमीला सभागृहात शेवटच्या रांगेत बसून ऐका आणि कोऱ्या कॉपीची पातळी तिथेच ठरवा, घरच्या हेडफोनवर नको.