हिमोफिलिया : मुलाचा गुडघा सरळ होत नाही, मदत हवी आहे

मुलगा नऊ वर्षांचा, हिमोफिलिया ए (रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार), सिव्हिअर म्हणजे तीव्र प्रकारचा. गेल्या सहा महिन्यांत उजव्या गुडघ्यात चार वेळा रक्तस्राव झाला, तोही कुठे न पडता. डॉक्टर आता या गुडघ्याला 'टार्गेट जॉइंट' म्हणतात, म्हणजे पुन्हा पुन्हा रक्तस्राव होणारा सांधा. सूज गरम नाही, दुखतही फारसं नाही, पण हाताला मऊ कणकेसारखी लागते. उताणा झोपवला की गुडघ्याखालून माझी दोन बोटं आरपार जातात. मांडीही बारीक झालीय.

रक्त गोठायला लागणाऱ्या, त्याच्यात कमी असलेल्या घटकाचं (फॅक्टर VIII) इंजेक्शन आठवड्यातून दोनदा चालू आहे. ब्रुफेन (या वेदनाशामकाने रक्तस्राव वाढू शकतो) घरात ठेवतच नाही. (आजी तेल लावून चोळायला बसते, तिला आवरणं हे वेगळंच काम!)

डॉक्टरांनी एमिसिझुमॅबबद्दल (रक्तस्राव टाळण्यासाठी त्वचेखाली द्यायचं इंजेक्शन) सांगितलंय, आणि सूज हटली नाही तर सांध्यात किरणोत्सर्गी औषधाचं इंजेक्शन. यातलं काही तुमच्या मुलाला दिलंय का? नंतर गुडघा सरळ व्हायला किती दिवस लागले? फिजिओने मांडी आवळून धरायचा व्यायाम दिलाय. हा पाच मोजतो आणि पळतो. खेळातून कसं करून घेता? शाळेत भारतीय पद्धतीचाच संडास आहे, त्याला उकिडवं बसता येत नाही. त्यावर तुम्ही काय सोय केलीत?