मदत हवी आहे: डोळ्यातल्या सुजेमुळे कमी वयात मोतीबिंदू

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीला युव्हिआयटिस आहे, म्हणजे डोळ्याच्या आत पुन्हा पुन्हा सूज येते. आता त्याच डोळ्यात मोतीबिंदू झालाय. वय जेमतेम तिशीचं! मंद उजेडात तिला बरं दिसतं, पण उन्हात गेली की समोर सगळं धुरकट. वाचताना तर अक्षरं नेमकी मधोमध पुसल्यासारखी होतात.

डॉक्टरांनी समजावलं ते असं: डोळ्यातल्या भिंगाला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्याचं पोषण डोळ्याच्या आतल्या पाण्यातून (अश्रू नव्हेत) होतं. सूज आली की त्या पाण्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि नको ती प्रथिनं उतरतात, ऑक्सिडेशनचा ताण (पेशींना इजा करणाऱ्या रसायनांचा मारा) वाढतो आणि भिंगातली प्रथिनं गुठळ्या धरून गढूळ होतात. त्यात सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या थेंबांनीही भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू होऊ शकतो. हे ऐकल्यापासून ती थेंबच नको म्हणतेय. मला त्याचीच धास्ती वाटते, कारण सूज भडकली तर बाहुलीची कड भिंगाला चिकटते, डोळ्याचा दाब वाढू शकतो. थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायचे नाहीत, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

शस्त्रक्रियेआधी डोळा साधारण 3 महिने शांत हवा, असं सांगितलंय. कुणी यातून गेलंय का? स्टेरॉइड कमी करण्यासाठी मेथोट्रेक्सेटसारखं (प्रतिकारशक्ती आवरून सूज दाबणारं) औषध दिलं होतं का, ते सोसलं का? आणि शस्त्रक्रियेनंतर सूज परत आली का? डोळ्यांचे कुणी डॉक्टर इथे असतील तर पुढच्या भेटीत काय काय विचारावं, तेही कृपया सांगा.