सल्ला हवा: आयएनजी लावलं की पुढचं फॉर, टू, ॲट चुकतं. बोलताना कसं सुधारावं?

कुंपणावरचा

इंग्रजी वाचता येतं, ईमेल दोनदा तपासून पाठवतो, तिथे फारसं अडत नाही. गाडी अडते ती बोलताना, आणि तीही एका ठरावीक जागी. 'मी आत्ता अमुक करतोय' असं सांगायचं असतं. क्रियापदाला आयएनजी लागतं, तिथवर ठीक. त्याच्या पुढचा छोटा शब्द आला की जीभ थबकते.

परवा फोनवर म्हणालो, 'आय ॲम वेटिंग यू.' पलीकडे क्षणभर शांतता. फोन ठेवल्यावर आठवलं, फॉर राहिलं. मग दुपारच्या मीटिंगमध्ये जास्तच सावध झालो आणि 'वुई आर डिस्कसिंग अबाउट द बजेट' म्हणून बसलो. एका सहकारी बाईंनी नंतर हळूच सांगितलं की तिथे अबाउट नको. म्हणजे हवं तिथे गाळतो, नको तिथे घालतो.

इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, अंडर म्हणजे खाली ही शाळेतली यादी अजून पाठ आहे. उपयोग शून्य. ॲप, पुस्तक, क्लास, नुसता सराव, तुम्हाला नक्की काय कामी आलं ते सांगा.

शब्दवेडी

यादीचा उपयोग होत नाही, कारण ती यादी टेबल आणि मांजराची आहे. मांजर टेबलावर आहे की खाली, एवढंच तिच्या जोरावर सांगता येतं. वाट बघणं, ऐकणं, हसणं, रागावणं यांना वर-खाली काही नसतं. तिथे कुठला शब्द यायचा ते क्रियापद ठरवतं, आणि मराठी क्रियापदाने काय ठरवलंय याची इंग्रजी क्रियापदाला पर्वा नसते.

तुमच्या दोन्ही चुका नीट बघा, दोन्ही मराठीतून आल्यात. 'तुझी वाट बघतोय' मध्ये 'साठी' नाही, म्हणून फॉर गळलं. 'बजेटबद्दल चर्चा' मध्ये 'बद्दल' आहे, म्हणून अबाउट आलं. गंमत म्हणजे टॉकिंग अबाउट बरोबर आणि डिस्कसिंग अबाउट चूक. यामागचं कारण शोधत बसू नका.

असेच आणखी: आपण नुसतं 'गाणं ऐकतो', ते लिसनिंग टू म्हणतात. आपण 'त्याला विचारतो', म्हणून तोंडातून आस्किंग टू हिम निघतं, पण हवं नुसतं आस्किंग हिम. 'त्याला हसतायत' मध्येही तोच 'ला', पण तिथे लाफिंग ॲट हिम. 'तिच्याशी लग्न करतोय' म्हणून मॅरीइंग विथ हर नाही, सरळ मॅरीइंग हर. आणि गेटिंग मॅरिड म्हटलं की लगेच टू हवं.

माझा सल्ला: वहीत फक्त न जुळणाऱ्या जोड्या लिहा. डिपेंडिंग ऑन म्हणजे 'वर अवलंबून', ते आपोआप जमतं, त्यावर शाई खर्च करू नका.

निवांत_माणूस

+१. आणि एकटं लुक कधीच लिहू नका. लुकिंग ॲट, लुकिंग फॉर, लुकिंग आफ्टर, लुकिंग इंटू ही बघणं, शोधणं, सांभाळणं आणि प्रकरण तपासणं अशी चार स्वतंत्र क्रियापदं समजा. मी एकदा 'आय ॲम लुकिंग आफ्टर माय ग्लासेस' म्हणत घरभर चष्मा शोधत होतो. पाहुण्याला वाटलं, किती जपतो हा माणूस चष्म्याला.

रेघोटी

सगळे प्रिपोझिशनच्या मागे लागलात, पण निम्मी गडबड आयएनजीचीच असते. 'आय ॲम नोइंग हिम', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'धिस बॅग इज बिलाँगिंग टू मी'. मराठीत 'माहीत आहे', 'दोन भाऊ आहेत' असं म्हणतो ना, त्या 'आहे'चं आपण ॲम-इज करतो आणि मग आयएनजी मागोमाग येतंच.

मी एक चाचणी वापरते: ही गोष्ट मध्येच थांबवता येते का? वाट बघणं थांबवता येतं, म्हणून वेटिंग फॉर. भाऊ असणं थांबवता येत नाही, म्हणून नुसतं हॅव. जेवण थांबवता येतं, म्हणून हॅविंग लंच चालतं. मत असतं तेव्हा आय थिंक, मनात विचार घोळत असतो तेव्हा थिंकिंग ऑफ चेंजिंग माय जॉब. शंभर टक्के चालत नाही ही चाचणी, पण बोलता बोलता करता येते.

सगळ्यात जास्त चुकतं ते 'पासून'. मी स्वतः कित्येक वर्षं 'आय ॲम लिव्हिंग हिअर फ्रॉम टू इयर्स' म्हणत होते. आपल्याला 'दोन वर्षांपासून' आणि '२०२२ पासून' सारखंच. त्यांच्याकडे कालावधी असेल तर फॉर टू इयर्स, सुरुवातीचा क्षण असेल तर सिन्स २०२२. आणि दोन्हीकडे ॲम लिव्हिंग जाऊन हॅव बीन लिव्हिंग येतं, कारण गोष्ट मागे सुरू झाली आणि अजून चालू आहे. फ्रॉम ठेवा दोन टोकं सांगायला, वर्किंग फ्रॉम नाइन टू फाइव्ह, किंवा पुढचं सांगायला, स्टार्टिंग फ्रॉम मंडे.

कुंपणावरचा

रेघोटी, 'पासून' वाचून घाम फुटला. आजवर किती मुलाखतींत फ्रॉम फाइव्ह इयर्स म्हणालो असेन!

उपप्रश्न: गोइंग टू. कधी टू लागतं, कधी नाही, आणि लोक गॉना म्हणतात ते मी कुठेही म्हणू शकतो का?

शब्दवेडी

कुठेही नाही. गोइंग टूच्या पुढे जागा असेल तर ते खरंखुरं जाणं, आणि टू हे प्रिपोझिशन. पुढे क्रियापद असेल तर तो बेत किंवा अंदाज. गॉना फक्त दुसऱ्याचं होतं. 'आय ॲम गॉना कॉल हर' चालेल, 'आय ॲम गॉना द ऑफिस' कुणीच म्हणत नाही. होम, हिअर, देअर, अब्रॉड यांच्याआधी टू लागत नाही: गोइंग होम, गोइंग अब्रॉड.

याच टूचा दुसरा सापळा म्हणजे लुकिंग फॉरवर्ड टू. तिथे मीट नव्हे, मीटिंग यू. शंका आली की टूनंतर धिस ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू धिस' नीट लागतं, म्हणजे टू प्रिपोझिशन आहे आणि पुढच्या क्रियापदाला आयएनजी लागणार. 'वाँट टू धिस' लागत नाही, म्हणजे तिथे साधं क्रियापद.

जुना_खोडरबर

थोडं अवांतर. इंग्रजीत अस्लीप हा शब्द आहे, त्यातला सुरुवातीचा 'अ' म्हणजे झिजलेलं ऑन. तसंच पूर्वी ऑन हंटिंग म्हणत, त्याचं अ-हंटिंग झालं. आजच्या आयएनजीवाल्या काळाचं एक मूळ अभ्यासक तिथेही शोधतात, अर्थात त्यावर वाद आहेत. पण 'तो लिहिण्यात गर्क आहे' म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये.

प्रश्न विचारतानाचंही सांगतो. आपण 'कशाकडे बघतोयस?' म्हणतो, 'कडे' प्रश्नाच्या शब्दालाच चिकटतो. त्यांचं ॲट वाक्याच्या शेवटी जातं: व्हॉट आर यू लुकिंग ॲट? वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको हा आक्षेप इंग्रज कवी जॉन ड्रायडनने १६७२ साली घेतला होता, आणि तो पुढे शाळांमधून शिकवलाही गेला. बोलताना विसरून जा. 'ॲट व्हॉट आर यू लुकिंग' म्हटलंत तर समोरच्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटेल.

ऐकीव

एक मुद्दा राहिला. हे शब्द आपल्याला आठवत नाहीत याचं मोठं कारण म्हणजे ते आपल्याला ऐकूच येत नाहीत. भरभर बोलण्यात फॉरचं फर होतं, टूचं नुसतं ट, ॲटचं अट. 'वेटिंग फर यू' मधलं फर कानाला निसटतं, मग तोंडात कुठून येणार? वाक्याच्या शेवटी मात्र ते पूर्ण उमटतं: हू आर यू वेटिंग फॉर? म्हणून मुलाखती किंवा गप्पांचे व्हिडिओ लावा, मिनिटभराचा तुकडा घ्या, थांबवून वाक्य लिहा आणि मग सबटायटल बघा. जे शब्द तुमच्या कागदावर नाहीत ते बहुतेक हेच असतील.

ॲपवर पैसे घालू नका. शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश बघा, तिथे क्रियापदाच्या नोंदीतच पुढे काय येतं ते उदाहरणासकट दिलेलं असतं. इंग्रजी-मराठी कोशात 'वाट पाहणे' एवढंच मिळतं आणि फॉर तिथेच हरवतं.

सरावासाठी: फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि पाच मिनिटं आत्ता काय चाललंय ते बोला. आय ॲम लीनिंग अगेन्स्ट द वॉल, द कॅट इज स्लीपिंग अंडर द चेअर. हो, मांजर आलंच.

निवांत_माणूस

घरच्यांना आधी कल्पना द्या. माझ्या बायकोला वाटलं, मी भिंतीशी बोलतोय.

कुंपणावरचा

आठ दिवसांनी लिहितोय. वहीत सव्वीस जोड्या झाल्या, रोज पाच मिनिटं रेकॉर्डिंग चालू आहे. पहिल्या दिवशीचं ऐकवत नाही. डिस्कसिंग अबाउट पूर्ण बंद झालं. वेटिंगला फॉर लागायला लागलं, पण अजून मध्ये अर्धा सेकंद जातो.

एक शंका. 'आय ॲम सिटिंग इन द बस' म्हणालो. चूक का?

रेघोटी

चूक नाही, पण प्रवासात आहात हे सांगायचं असेल तर ऑन द बस जास्त कानावर येतं. बस, ट्रेन, विमान, जिथे आत उभं राहून चालता येतं तिथे ऑन. कार आणि टॅक्सीत इन.

कुंपणावरचा

कळलं. आजचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं, त्यात 'आय ॲम वर्किंग ऑन इट फ्रॉम टुडे मॉर्निंग' सापडलं. आय हॅव बीन वर्किंग ऑन इट सिन्स धिस मॉर्निंग. बरोबर?

शब्दवेडी

बरोबर. आणि टुडे मॉर्निंगबद्दल तर आम्ही कुणी काही बोललोच नव्हतो, ते तुमचं तुम्हीच पकडलंत.