अनुभव धागा: कादंबरीचा दुसरा भाग का येत नाही?

धागाकर्ती, मालवण

मंडळी, माझी अद्भुतकथेची कादंबरी येऊन दोन वर्षं झाली. खाडीतला गिऱ्हा, देवचार, वेशीवरचा राखणदार, ह्या सगळ्या कोकणातल्या भुताखेतांच्या गोष्टी आजीकडून ऐकलेल्या. त्यातून तीन भागांची गोष्ट रचली. दुसरा भाग लिहून तयार आहे. प्रकाशक म्हणतात, आधी पहिल्याची आवृत्ती हलू दे.

मध्यंतरी भाच्याने टेलिग्रामवर माझ्याच पुस्तकाची पीडीएफ दाखवली. मोबाइलने पान पान फोटो काढलेले. पान ४३ च्या कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा आलाय, नखाला मेंदी. शेवटच्या पानावर वाचनालयाचा शिक्का, अर्धवट खोडलेला. खाली लोक विचारतायत, ‘पुढचा भाग कधी?’ किती आपुलकीने विचारतायत! पण ही माणसं प्रकाशकाच्या हिशेबात कुठेच नाहीत. त्याला दिसतात फक्त गोदामातले गठ्ठे.

सुटी कादंबरी असती तर नुकसान तिथेच थांबलं असतं. अद्भुतकथा मात्र भागांत चालते आणि पहिल्या भागाची चोरी दुसऱ्याच्या मुळावर येते. कोकणात वाचणारे, लिहिणारे, विकणारे, नाटक करणारे, सगळ्यांनी आपापला अनुभव लिहा.

पुस्तकविक्रेता, रत्नागिरी

ताई, पीडीएफ फक्त मोबाइलवर राहत नाही. तीच छापून रस्त्यावर निम्म्या किमतीत येते. जाडजूड इंग्रजी अद्भुत मालिका तर हमखास. गिऱ्हाईक माझ्याकडे खरी प्रत चाळतं, नाव लिहून घेतं आणि निघून जातं. नकली प्रत ओळखायला सोपी: पुठ्ठ्यावरचं नाव उठावाचं नसून सपाट, आतली शाई कुठे गडद कुठे फिकी, आणि आपल्या पावसात एका महिन्यात गम सुटून पानं हातात. मी मालिकेचा पहिला भाग आता दोनच प्रती मागवतो. तिसरा चौथा तर आगाऊ पैसे घेतल्याशिवाय नाहीच.

विद्यार्थी, दापोली

दुसरी बाजूही मांडतो. आमच्याकडे अद्भुतकथा मिळतच नाही. पुण्याहून मागवायची तर टपालखर्च धरून हॉस्टेलच्या पोराला परवडत नाही, आणि कित्येक मराठी पुस्तकांचं ईबुक निघालेलंच नसतं. विकत घ्यायची सोय नसली की वाचणारा दिसेल तिथून घेतो. प्रकाशकांनी पहिल्या दिवशीच स्वस्त ईबुक काढावं. मी स्वतः घेईन आणि वर्गातल्या चौघांना घ्यायला लावीन.

दशावतारी कलाकार, कुडाळ

पुस्तकाचं मला फारसं कळत नाही, पण ताई, तुमचं दुखणं आमचंच आहे. आमची ट्रिकसीनची नाटकं म्हणजे अद्भुतकथाच की. राक्षस धुरातून प्रकटतो, नागीण रूप बदलते. एक ट्रिकसीन बसवायचं म्हणजे सुतार, रंगारी, लाइटवाला, नवे पोशाख. मालक कर्ज काढून खर्च करतो. तो पैसा वसूल व्हायचा तो हंगामभराच्या नाइटीतून, म्हणजे रात्रीच्या प्रयोगांच्या बिदागीतून, तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू झाल्या की.

आता पहिल्या-दुसऱ्या प्रयोगालाच पुढच्या रांगेत मोबाइल उभे राहतात. सकाळी आम्ही तोंडाचा रंग पुसत असतो तोवर अख्खं नाटक यूट्यूबवर चढलेलं असतं, आणि वर जाहिराती लागतात त्या चढवणाऱ्याच्या नावाने. गेल्या हंगामात एका गावची मंडळी सुपारी द्यायला आली आणि म्हणाली, ‘ह्या नाटाक आमी मोबायलार बघितला. नवीन काय आसात तर तां लावा.’ नवीन कुठून आणणार? त्याच नाटकाचे पैसे अजून फिटले नव्हते. मालकाने पुढल्या वर्षीचं ट्रिकसीन रद्द केलं, जुन्या पौराणिकावरच हंगाम काढायचं ठरलं. आमच्यातला ट्रिकसीनचा माणूस गोव्याला मंडपाच्या कामाला गेला. हात सोन्याचे आहेत त्याचे.

चित्रीकरण करूच नका असं आम्ही म्हणत नाही. मालकाला विचारा, दोन पैसे द्या, आणि निदान हंगाम संपू द्या.

सबटायटलचं काम करणारा, मूळ गुहागर, सध्या अंधेरी

मोठ्या कंपन्यांनाही हे सुटलेलं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या अमेरिकी अद्भुत मालिकेचा सातव्या पर्वातला चौथा भाग प्रसारणाआधीच भारतातून फुटला आणि महाराष्ट्र पोलिसांनी चौघांना पकडलं. २०१५ मध्ये पाचव्या पर्वाचे पहिले चार भाग असेच आधी बाहेर पडले होते. ती मालिका तरली, कारण मागे अफाट पैसा होता. झळ खाली आमच्यापर्यंत येते. मोबाइल दारात जमा, पडद्यावर माझ्या नावाचा वॉटरमार्क, आणि चित्र इतकं धूसर की बोलणारा कोण हेच कळत नाही. अंदाजाने भाषांतर करावं लागतं. चोर कुणी दुसराच असतो, संशय सगळ्यांवर.

अनुवादिका, सावंतवाडी

धागाकर्ती म्हणतात ते एका अमेरिकी लेखिकेने प्रत्यक्ष दाखवून दिलंय. मॅगी स्टिफव्हेटर यांच्या चार भागांच्या अद्भुत मालिकेत तिसऱ्या भागाची ईबुक विक्री घसरली, म्हणून प्रकाशकाने चौथ्या भागाची छपाई निम्म्याहून कमी केली. वाचक आटले नव्हते, ते फुकटच्या पीडीएफकडे वळले होते. मग ‘द रेव्हन किंग’ २०१६ मध्ये आलं तेव्हा तिच्या भावाने एक बनावट पीडीएफ तयार केली. पहिली चार प्रकरणं पुन्हा पुन्हा, आणि शेवटी चोरीमुळे काय होतं याची टीप. ती त्यांनी सगळीकडे पसरवली. खरी फाइल सापडेना तेव्हा लोकांनी पुस्तक विकत घेतलं. पहिली छपाई दोन दिवसांत संपली! ‘फुकट वाचणारे तसेही घेणार नव्हते’ असं मला कुणी म्हटलं की मी हेच उदाहरण देते.

वाचक, वेंगुर्ले

ताई, पुस्तक कुठे मिळेल ते सांगा. मला दोन प्रती हव्यात.

ग्रंथपाल, देवगड

वाचनालयाचा शिक्का वाचून वाईट वाटलं. फुकट वाचायला आमचा विरोध कसा असेल? रत्नागिरीत १८२८ पासून नगर वाचनालय आहे, कोकणाला ही सवय जुनी. पण वाचनालय आधी प्रत विकत घेतं. आमच्या देवघेव वहीत एखाद्या पुस्तकापुढे नोंदी वाढल्या की मी दुसरी प्रत मागवते, पुढच्या भागाची चौकशी करते. तिथे वाचक मोजला जातो.

ज्यांना फुकटच हवंय त्यांच्यासाठी जुनं पुष्कळ खुलं आहे. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. नाथमाधव १९२८ मध्ये गेले, त्यांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या खुशाल वाटा. नारायण धारप गेले २००८ मध्ये, त्यांच्या पुस्तकांना २०६८ अखेरपर्यंत संरक्षण आहे.

आणि ताई, ती पीडीएफ काढून टाकायची नोटीस मात्र तुम्हालाच द्यावी लागेल, ती हक्कधारकाची असते. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतल्या ७५ व्या नियमानुसार लेखी तक्रार गेल्यावर दुवा ठेवणाऱ्याला ३६ तासांत तो बंद करावा लागतो. २१ दिवसांत कोर्टाचा आदेश नाही आणला तर तो पुन्हा सुरू करता येतो, तेव्हा प्रकाशकाला आधीच सोबत घ्या. दुव्याचे स्क्रीनशॉट तारखेसह काढून ठेवा. आणि त्या शिक्क्याचा फोटो मला पाठवा, कुठल्या वाचनालयाचा ते मी शोधून काढते.