हार्डटेलवर (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवर) 60 सेंमीचा ड्रॉप (टप्प्यावरून खाली उडी) मारावा का?

मुरूमवाट: ॲल्युमिनियम फ्रेम, 27.5 इंची चाकं, पुढे 100 मिमीचा स्प्रिंगवाला फोर्क, मागे 7 गिअरचं फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसणारा दातेरी चकत्यांचा संच), ट्यूबवाले 2.1 चे टायर. माझं वजन 78 किलो. टेकडीवरच्या वाटेत दोन कातळटप्पे आहेत, एक 30 सेंमीचा, दुसरा साधारण 60 चा. दोन्हींच्या खाली सपाट मुरूम. छोटा जमतो, पण फोर्क तळाला टेकतो आणि मागून ‘ठक्क’ येतं. फोर्क बदलला तर मोठा मारता येईल का?

छर्रेवाटी: फोर्क राहू द्या, आधी मागचं चाक बघा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) उजवीकडची वाटी आणि छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला असतात. तिथून फ्रेमपर्यंतचा एक्सल (चाकाचा आस) अधांतरी. सायकल आदळली की तो तिथेच वाकतो आणि पुढे कधीतरी तुटतो. चाक काढून एक्सल बोटांनी फिरवा. टोक जागच्या जागी न फिरता गोल डुलत असेल तर तो वाकलाय. रिमच्या कडेला पोचा आलाय का तेही बघा. ‘ठक्क’ तिथूनही येतं.

फ्रेमवर वर्तुळात एखादा आकडा छापलेला आहे का? एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या वर्गवारीत 2 म्हणजे 15 सेंमीपर्यंतचे ड्रॉप, 3 म्हणजे 61, 4 म्हणजे 122. आकडा नसेल तर मॅन्युअल बघा, तिथेही नसेल तर 2 धरून चाला. आणि 3 असला तरी 61 ही शेवटची हद्द आहे, रोज गाठायची उंची नव्हे. ॲल्युमिनियम प्रत्येक धक्क्याचा हिशोब ठेवतं. हेड ट्यूबमागे खालच्या दांड्याच्या पोटाला रंगात केसासारखी रेघ दिसली की ती फ्रेम संपली.

उताराचा_दोस्त: वरचं सगळं मान्य, पण नुसत्या उंचीवर जाऊ नका. 60 सेंमीवरून पडताना खाली जाण्याचा वेग ताशी 12 किमीच्या आसपास होतो. उतारावर उतरलात तर त्यातला बराचसा पुढे निघून जातो. सपाटीवर सगळा चाकं, फोर्क आणि गुडघ्यांत जिरवावा लागतो. तुमच्याकडे खाली सपाटी आहे. खरी अडचण तीच.

दुसरं म्हणजे हळू जाणं. सायकलच्या दोन चाकांत साधारण 1.15 मीटर अंतर असतं. ताशी 5 किमीने गेलात तर मागचं चाक कडेला येईपर्यंत 0.8 सेकंद जातात, आणि 60 सेंमी पडायला 0.35 पुरतात. म्हणजे मागचं चाक वरच असताना पुढचं जमिनीवर, आणि तुम्ही हँडलवरून पलीकडे. 15 च्या वेगाला हेच अंतर 0.28 सेकंदात कटतं.

सीट 8–10 सेंमी खाली घ्या. पायडल आडवे, टाचा खाली, कोपर वाकलेले. कडेवर ब्रेक नाही. हँडल वर ओढायचं नाही. पुढचं चाक कडा सोडताना हात लांब करत सायकल पुढे ढकलायची, कंबर आपोआप मागे जाते. सपाटीवर दोन्ही चाकं एकदम टेकली पाहिजेत. हे आधी फुटपाथच्या 15 सेंमीवर पन्नासदा करा. लॉकआउट (फोर्क कडक करणारा खटका) उघडा आहे ना, तेही बघा (हसू नका, निम्मे जण इथेच चुकतात).

मुरूमवाट: आकडा 3 निघाला. एक्सल डुलतोय. टायरमध्ये हवा 45 पीएसआय आहे.

छर्रेवाटी: मग तूर्त 30 सेंमीचा टप्पाही बंद. नुसता एक्सल बदलला तर तोही वाकेल. 135 मिमी रुंदीचं, फ्रीहबवालं (ज्यावर दातेरी चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, सरकवून बसतो), 32 आऱ्यांचं, डबल-वॉल (दुहेरी भिंतीच्या) रिमचं चाक घ्या. त्यात बेअरिंग फ्रेमच्या जवळ असते. 8–9 गिअरच्या फ्रीहबवर 4.5 मिमीचा स्पेसर टाकला की 7 गिअरची कॅसेट बसते, म्हणजे शिफ्टर तोच चालतो. 45 ला टायर उसळतो. मागे 34, पुढे 31 ठेवून बघा. खूप खाली आणलंत तर ट्यूब रिम आणि दगडात चिमटते, दोन समांतर चिरा पडतात.

उताराचा_दोस्त: नवं चाक पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर ट्रू (आरे ताणून सरळ) करून घ्या, आरे बसताना सैल पडतात. आणि मोठ्या टप्प्याला बाजूने वाट असेल तर या फोर्कवर तीच धरा.